इंजिन बदलले, गाडीचे काय?

१५ एप्रिल १९९४ हा दिवस मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव आणि अचलपूर या टापूतील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. १९२१ साली मँचेस्टरमध्ये तयार झालेले आणि १९२३ पासून येथील अरुंद रुळांवर धावणारे शकुंतलेचे वाफेचे इंजिन त्या दिवशी निवृत्त झाले व गाडीला डिझेलचे इंजिन जोडण्यात आले. वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे ज्या मँचेस्टरला पोहोचावा म्हणून हा लोहमार्ग टाकला गेला, त्याच मँचेस्टरचे इंजिन सत्तर वर्षे या मार्गावर राबत होते. नव्या इंजिनाला पाणी भरण्यासाठी वाटेत थांबावे लागत नव्हते की कोळशाची राख काढावी लागत नव्हती. ताकदीच्या दृष्टीने ते जुन्यापेक्षा कमी नव्हते. तरीही मूर्तिजापूर ते अचलपूर हे पाऊणशे किलोमीटरचे अंतर कापावयास शकुंतलेला चार तासांच्या आसपास वेळ लागतच राहिला, आणि पुढे तिच्या यवतमाळ व अचलपूर या दोन्ही शाखा बंद पडल्या. तिचे इंजिन कधी थकले नव्हते. थकले होते ते रूळ, स्लीपर, पूल आणि डबे. त्यांच्याकडे मात्र इंजिन बदलणाऱ्यांनी पाहिले नव्हते.

शकुंतलेची ही कथा आज आठवण्यास कारण घडले ते रेल्वेमुळे नव्हे, मोटारीमुळे. गेल्या काही वर्षांत जुन्या मोटारी नव्याने उभ्या करण्याची हौस मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाही. अमरावती, अकोला, परतवाडा येथील गॅरेजांतूनही तीसचाळीस वर्षांपूर्वीच्या जीप, अँबॅसिडर, पद्मिनी आणि क्वचित एखादी कॉन्टेसा पत्र्याची डागडुजी, नवा रंग आणि बॉनेटखाली नवे इंजिन घेऊन बाहेर पडतात. हौशी तरुणांत या उद्योगाला ‘इंजिन स्वॅप’ असे नाव आहे. ही गाडी रस्त्यावर आली की लोक थांबून बघतात. पण परिवहन कार्यालयाच्या दारात ती उभी राहिली, तर समोरच्या लिपिकाने काय करावे, हा प्रश्न आहे. त्याच्या नोंदवहीत जुन्या, अबाधित गाडीसाठी रकाना आहे. भंगारात जाणाऱ्या गाडीसाठी रकाना आहे. या दोहोंच्या मधल्या गाडीसाठी मात्र रकानाच नाही.

हा प्रश्न काही मूठभर शौकिनांचा आहे, असे समजून तो बाजूला सारणे सोपे आहे. तसे ते नाही. जी गाडी कागदावर एक आणि रस्त्यावर दुसरी असते, तिच्या समोरून सायकलवर शाळेत जाणारा विद्यार्थीही जात असतो.

मुळात या हौसेचे माहेर अमेरिका. तेथे ‘मसल कार’ म्हणून जो गाड्यांचा वर्ग प्रसिद्ध आहे, त्याचा जन्मच इंजिनाच्या अदलाबदलीतून झाला, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. जनरल मोटर्स कंपनीने मध्यम आकाराच्या गाड्यांत ३३० घन इंचांपेक्षा मोठे इंजिन बसवू नये, असा दंडक घालून घेतला होता. १९६४ साली तिच्याच पाँटियाक शाखेतील अभियंत्यांनी मोठ्या गाडीसाठी असलेले ३८९ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन मध्यम आकाराच्या ‘टेम्पेस्ट’मध्ये बसविले. दंडक मोडल्याचे दिसू नये म्हणून ते गाडीसोबत न देता ‘ग्राहकाने मागितल्यास’ या सदरात दाखविले. जीटीओ या नावाने ही गाडी गाजली आणि इतर कंपन्या त्याच वाटेने निघाल्या. परंतु या पहिल्या जीटीओच्या चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेकच होते. धावण्याची ताकद वाढली. थांबण्याची ताकद तेवढीच राहिली. त्या काळच्या जाणकारांनीही या उणिवेवर बोट ठेवले होते. १९७३ च्या तेलसंकटाने आणि धुराविषयीच्या कायद्यांनी त्या गाड्यांचा काळ ओसरला. आज तेथील हौशी लोक त्याच जुन्या सांगाड्यांत इंधनाचे नियंत्रण संगणकाने करणारी नवी इंजिने बसवितात, आणि कंपन्याही अशी इंजिने पेटीबंद करून सरळ विकतात. या उद्योगातील जाणता कारागीर मात्र इंजिनाच्या आधी ब्रेक, अॅक्सल आणि सांगाडा यांना हात घालतो. जीटीओच्या अनुभवातून त्यांनी हे शिकून घेतले असावे.

आपल्याकडे ज्या गाडीला लोक कौतुकाने ‘हिंदुस्थानची मसल कार’ म्हणतात ती कॉन्टेसा. तिचा इतिहास पाहिला म्हणजे ‘मूळ गाडी’ ही कल्पना किती डळमळीत आहे ते ध्यानात येते. कॉन्टेसाचे अंग ब्रिटनच्या व्हॉक्सहॉल कंपनीच्या सत्तरच्या दशकातील गाडीचे. १९८४ मध्ये हिंदुस्थान मोटर्सने ती बाजारात आणली तेव्हा त्या भारदस्त अंगात अँबॅसिडरचेच १४८९ घन सेंटिमीटरचे, सुमारे पन्नास अश्वशक्तीचे इंजिन बसविलेले होते. बैलजोडीच्या खाचराला लावावयाचे ते खोंड नांगराला जुंपावे तसा तो प्रकार होता. पुढे कंपनीनेच जपानच्या इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आणले, सोबत पाच गतींचा गिअरबॉक्स दिला, आणि ती गाडी खऱ्या अर्थाने चालू लागली. मग कॉन्टेसाचे ‘मूळ’ इंजिन कोणते म्हणावयाचे?

अँबॅसिडरची गोष्ट वेगळी नाही. मॉरिस ऑक्सफर्डचे ते अंग १९५७ च्या सुमारास उत्तरपाड्यात येऊन वसले आणि मे २०१४ मध्ये तेथील उत्पादन थांबेपर्यंत बाहेरून जवळजवळ तेच राहिले. आत मात्र पेट्रोल, डिझेल, इसुझू अशी इंजिने बदलत गेली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात पद्मिनी घडविली. तिच्यातही उत्तरकाळात इटालियन बनावटीचे डिझेल इंजिन बसू लागले. त्याच कंपनीने १९८५ मध्ये ‘११८ एनई’ ही गाडी काढली, तिचे अंग फियाटचे आणि इंजिन निस्सानचे. याच्या उलट उदाहरणही त्याच वर्षीचे आहे. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने ब्रिटनमधील रोव्हरची देखणी, आधुनिक गाडी ‘स्टँडर्ड २०००’ म्हणून आणली आणि तिच्या प्रचंड आठ सिलिंडरी इंजिनाच्या जागी आपल्या जुन्या व्हॅनगार्ड गाडीचे दोन लिटरचे इंजिन बसविले. गाडी तीनचार वर्षांतच बंद पडली. तेव्हा जुन्यात नवे घालणे चांगले की नव्यात जुने, याचे उत्तर बाजाराने त्या काळीच देऊन ठेवले आहे. सांगावयाचे एवढेच की, आपल्या मोटार उद्योगाची पहिली चाळीस वर्षे ही बहुतांशी इंजिनांच्या अदलाबदलीची वर्षे होती. फरक एवढाच, की कारखान्याने केले तर ते ‘नवे मॉडेल’ ठरले आणि मिस्त्रीने केले तर ‘अनधिकृत फेरफार’.

आणि मिस्त्रीने ते पुष्कळ केले. वऱ्हाडात मोटार म्हणजे प्रथम जीप. महिंद्र कंपनीने १९४७ पासून विलिस जीपची जुळणी मुंबईत सुरू केली. १९५२ च्या समूह विकास कार्यक्रमाबरोबर ती गटविकास अधिकाऱ्याची ओळखच बनून गेली. या जीपचे २.२ लिटरचे पेट्रोल इंजिन मोठे कष्टाळू, पण पेट्रोल पिण्याच्या बाबतीतही तितकेच उदार. १९७३ नंतर पेट्रोल महागले आणि सरकारी लिलावात स्वस्तात मिळालेली जीप पोसणे हे शेतकऱ्याच्याच काय, सावकाराच्याही आवाक्याबाहेर जाऊ लागले. त्या काळात देशभरातील मिस्त्रींनी तिच्यात डिझेल इंजिने बसविण्याची विद्या हस्तगत केली. खुद्द महिंद्रनेही ट्रॅक्टरच्या घराण्यातील इंटरनॅशनल इंजिन जीपमध्ये आणले आणि ऐंशीच्या दशकात फ्रान्सच्या प्यूजोचे इंजिन घेतले.

ही विद्या म्हणजे केवळ एक वस्तू काढून दुसरी ठेवणे नव्हे. इंजिनाचे तोंड आणि गिअरबॉक्सचे तोंड एकमेकांशी जुळत नाही. त्यांच्यामध्ये लेथवर काढलेली पोलादी चकती बसवावी लागते. तिचा मध्य केसभर चुकला तरी क्लच महिन्याभरात बोलू लागतो. इंजिन ज्यावर बसते ते पाये नव्याने जोडावे लागतात. डिझेल इंजिन जड असते. त्याचा भार पुढच्या पाट्यांवर येतो, पाटे बसतात आणि सुकाणू जड होते. ते सावकाश फिरते पण जोर जास्त लावते. त्यामुळे जुन्या अॅक्सलचे दात तुटतात. रेडिएटर लहान पडतो. ज्या गाडीत ब्रेकला निर्वाताची मदत दिलेली असते, तिच्यात तर आणखी एक फसवी गोष्ट घडते. पेट्रोल इंजिन हा निर्वात आपोआप निर्माण करते, डिझेल इंजिन करीत नाही. त्यासाठी वेगळा पंप बसवावा लागतो. तो बसविण्याचे विसरले, तर गाडी सपाटीवर उत्तम चालते आणि चिखलदऱ्याचा घाट उतरताना ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर आणि जीव मुठीत राहतो.

चांगल्या मिस्त्रीला हे सारे माहीत असते. तो गाडी प्रथम घाटात नेऊन आणतो आणि मगच मालकाच्या हवाली करतो. पण वाईट मिस्त्रीने जोडलेली गाडीही बाहेरून तशीच दिसते, आणि चांगल्या-वाईटात निवड करण्याचे कोणतेही साधन मालकापाशी नसते. येथेच कायद्याचे काम सुरू व्हावयास हवे होते.

कायदा काय म्हणतो? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे बावन्नावे कलम वाहनातील फेरफारांविषयी आहे. २००० साली झालेल्या दुरुस्तीने त्यात असे शब्द आले की, नोंदणी पुस्तकातील तपशील निर्मात्याने मूळ नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असा फेरफार कोणाही मालकाने करू नये. त्यालाच एक अपवाद जोडण्यात आला: सीएनजी, एलपीजी, बॅटरी यांसारख्या वेगळ्या इंधनावर वाहन चालविण्यासाठी मान्यताप्राप्त संच बसविता येईल. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला आणि निर्मात्याच्या मूळ तपशिलाला छेद देणारे बदल करता येणार नाहीत, असे स्पष्ट केले. त्याच वर्षी संसदेने कायद्यात मोठी दुरुस्ती केली. नव्या १८२-अ या कलमानुसार परवानगीविना केलेल्या प्रत्येक फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

मग जुन्या गाड्यांच्या चाहत्यांना दिलासा म्हणून जुलै २०२१ मध्ये केंद्राने ‘व्हिंटेज’ वाहनांचे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, ‘व्हीए’ या अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक, नव्या नोंदणीस वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत. नियम चांगला आहे. पण त्याची व्याख्या पाहा. सांगाडा, अंग किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसेल तरच ते वाहन व्हिंटेज. शिवाय प्रदर्शन, शर्यतवजा फेरी, संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतेच ते रस्त्यावर आणता येते. म्हणजे हे संग्रहालयाचे दार झाले. दुसरे दार त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये जाहीर झालेल्या भंगार धोरणाचे. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क सहाशे रुपयांवरून एकदम पाच हजारांवर गेले आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील गाड्यांसाठी ते आणखी वाढले. जुन्या गाडीने एक तर देवघरात बसावे, नाही तर भट्टीत जावे, असा या दोन्ही नियमांचा एकत्रित अर्थ होतो.

ज्यांच्या घरी वडिलांनी वर्षानुवर्षे प्रतीक्षा यादीत राहून आणि भविष्य निर्वाह निधीतून उचल घेऊन विकत आणलेली पद्मिनी अजून अंगणात उभी आहे, त्यांना या दोन्ही दारांतून आत जाण्याची इच्छा नसते. त्यांना ती गाडी रविवारी बडनेऱ्यापर्यंत नेऊन आणावयाची असते. मूळ इंजिनाचे सुटे भाग मिळत नाहीत. मिळाले तर ते दुसऱ्या मेलेल्या गाडीचे असतात.

या नियमांतील विसंगती आणखी एका ठिकाणी ठळक होते. ती पद्मिनी मान्यताप्राप्त संच बसवून विजेवर चालविण्याची मुभा कायद्यात आहे. मात्र तीच पद्मिनी, तेच पेट्रोल इंधन, आणि धुराच्या दृष्टीने कितीतरी स्वच्छ असे दहा वर्षांपूर्वीचे इंजिन असा मेळ घातला, तर तो गुन्हा. पीयूसीच्या तपासणीत भारत स्टेज-२ पूर्वीच्या चारचाकी पेट्रोल गाडीच्या धुरात ३ टक्क्यांपर्यंत कार्बन मोनॉक्साइड चालतो, स्टेज-२ व ३ च्या गाडीत ०.५ टक्का आणि स्टेज-४ च्या गाडीत ०.३ टक्का. म्हणजे कायद्याच्या लेखी दसपट धूर सोडणारे जुने इंजिन निष्पाप आहे आणि ते काढून टाकणारा मालक दोषी!

तथापि, कायदा करणाऱ्यांना केवळ अडाणी ठरवून चालणार नाही. इंजिनाचा क्रमांक ही मोटारीची दुसरी ओळख असते. चोरीच्या गाड्या उघडकीस येतात त्या पुष्कळदा या क्रमांकावरून. कोणालाही कोणतेही इंजिन कोठेही बसविण्याची मुभा दिली, तर चोरबाजारातील इंजिनांना सोन्याचा भाव येईल आणि प्रामाणिक माणसाच्या गाड्या रात्रीतून नाहीशा होऊ लागतील. शिवाय आपल्याकडे परवानगीचा एक पदर सैल सोडला की, अख्खे वस्त्र उसवते, हा अनुभव जुना आहे. काळी-पिवळी जीपमध्ये दहाच्या जागी वीस प्रवासी कोंबून घाटातून नेणाऱ्या धंद्याला अधिक ताकदीच्या इंजिनाची कायदेशीर वाट मिळाली, तर ती ताकद कोणत्या कामी येईल, हे सांगावयास नको. न्यायालयाच्या कडकपणामागे ही भीती नसेल असे कोण म्हणेल?

परंतु बंदीने इंजिने बदलण्याचे थांबले आहे काय? थांबले असते तर हा लेख लिहावा लागला नसता. झाले आहे ते इतकेच की, हा व्यवहार अंधारात गेला. नोंदणी पुस्तकात जुना क्रमांक कायम राहतो, बॉनेटखाली दुसराच असतो. काही महाभाग तर जुना क्रमांक नव्या इंजिनावर ठोकून घेण्यापर्यंत मजल मारतात. तो सरळ फौजदारी गुन्हा आहे. गाडी अपघातात सापडली म्हणजे विमा कंपनीचा सर्वेक्षक प्रथम क्रमांक ताडून पाहतो आणि कंपनीला हात झटकावयास निमित्त मिळते. निदान तंटा तरी वर्षानुवर्षे लांबतो. त्यात मालकाचे नुकसान होते ते एक वेळ सोसता येईल. ज्याला धडक बसली त्या तिसऱ्या माणसाने काय केले होते? आणि जो कसबी मिस्त्री निर्वाताच्या पंपापासून पाट्यांपर्यंत सारे चोख करतो, त्यालाही आपल्या कामाची पावती देता येत नाही. कारण पावती म्हणजे पुरावा. चांगले आणि वाईट काम एकाच अंधारात झाकले गेले की, टिकते ते स्वस्त काम.

इतर देशांनी हा प्रश्न कसा हाताळला ते पाहण्यासारखे आहे. ब्रिटनमध्ये अनेक वर्षे गुणांची एक साधी पद्धत होती. फेरफार केलेल्या गाडीने आपली मूळ ओळख राखली आहे किंवा नाही, हे ठरविताना सांगाड्याला पाच गुण, आणि पाट्यांसह निलंबन, अॅक्सल, गिअरबॉक्स व सुकाणू यांना प्रत्येकी दोन गुण दिले जात. इंजिनाला किती? केवळ एक. आठ गुण मिळविले आणि सांगाडा मूळचा असला की, जुना क्रमांक कायम. म्हणजे ज्या अवयवावर आपल्याकडे सारा गदारोळ आहे, तो तेथे सर्वांत कमी महत्त्वाचा मानला गेला. कॅलिफोर्निया राज्याने धुराच्या बाजूने विचार केला. तेथे बसवावयाचे इंजिन गाडीच्या सालाइतके किंवा त्याहून नवे असले पाहिजे, त्या इंजिनाची धूर रोखणारी सर्व साधने गाडीत आली पाहिजेत, आणि राज्याने नेमलेल्या परीक्षकाने प्रत्यक्ष गाडी पाहून तसे प्रमाणित केले पाहिजे. अदलाबदल मान्य; पण मागे जाणारी अदलाबदल अमान्य. स्टँडर्ड २००० कॅलिफोर्नियात पास झाली नसती.

आपल्याकडील अडचण मान्यतेच्या पद्धतीत आहे. पुण्यात १९६६ पासून काम करणाऱ्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्था ज्या संचांना मान्यता देतात, ते संच एका विशिष्ट जातीच्या वाहनासाठी हजारोंच्या संख्येने विकावयाचे असतात. त्यामागे कारखानदार असतो, चाचण्यांचा खर्च तो अनेक ग्राहकांवर पसरवितो. परतवाड्याच्या मिस्त्रीने एका जीपमध्ये बसविलेल्या एका इंजिनासाठी ती पद्धत निरुपयोगी आहे. त्याला संचाची मान्यता नको आहे, त्या एका गाडीची परीक्षा हवी आहे.

ती परीक्षा घेण्याची साधने आपल्यापासून फार दूर नाहीत. २०२१ च्या नियमांनी स्वयंचलित चाचणी केंद्रांची व्यवस्था सुरू केली. तेथे गाडीची चाके रुळांवर फिरवून प्रत्येक चाकाचा ब्रेक किती धरतो हे यंत्रच मोजते. त्या यंत्राला इंजिन कोणत्या कंपनीचे आहे याच्याशी कर्तव्य नसते. सांगाड्यावरील जोडकाम, पुढच्या अॅक्सलवर वाढलेला भार, पायांची मजबुती हे पाहण्यास डोळस अभियंता लागतो. अमरावतीत १९६४ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, शासकीय तंत्रनिकेतन आहे. आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम शिकविला जातो. त्यांतील यंत्र विभागांना अशा गाड्यांच्या तपासणीचे काम योग्य शुल्क घेऊन दिले, तर परिवहन निरीक्षकाचा भार हलका होईल आणि विद्यार्थ्यांनाही फळ्यावरच्या आकृतीऐवजी एक खरीखुरी, तक्रार करणारी गाडी पाहावयास मिळेल. आज आयटीआयमधील मुलगा जे शिकतो आणि गॅरेजात जाऊन जे करतो, त्यांत फार थोडा संबंध उरला आहे.

चोरीच्या भीतीवरही उपाय त्याच भंगार धोरणात आहे. नोंदणीकृत केंद्रात गाडी मोडीत निघाली की तिची नोंद रद्द होते आणि तसे प्रमाणपत्र मिळते. अपघातात अंग चेपले पण इंजिन शाबूत राहिले, अशा कितीतरी गाड्या तेथे येणार. अशा इंजिनाला त्याच्या जन्माचा व सुटकेचा दाखला देऊन विकण्याची परवानगी द्यावी, आणि केवळ असा दाखला असलेलेच इंजिन जुन्या गाडीत बसविता यावे. चोरीच्या इंजिनापाशी हा दाखला असणार नाही. प्रवासी वाहतुकीच्या व शाळेच्या गाड्यांना ही सवलत अजिबात देऊ नये. खासगी गाडीलाही मूळ ताकदीच्या किती पट जाता येईल याची मर्यादा घालावी, आणि धुराची कसोटी गाडीच्या नव्हे तर बसविलेल्या इंजिनाच्या सालाप्रमाणे लावावी. ही शेवटची अट हौशी मंडळींना जाचक वाटेल. वाटू द्यावी. नवे इंजिन घेतले तर त्याची जबाबदारीही घेतली पाहिजे.

यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीने बावन्नाव्या कलमात आणखी एक वाक्य घातले आहे. वाहनातील फेरफारांची मानके आणि त्यांच्या मान्यतेच्या अटी केंद्र सरकार ठरवून देऊ शकेल, आणि अशा फेरफारामुळे निर्मात्याची हमी रद्द समजली जाणार नाही, असे ते वाक्य आहे. दार कायद्यातच आहे. सीएनजीच्या बाबतीत त्या दिशेने पावले पडली. डिझेल इंजिन काढून सीएनजीचे इंजिन बसविण्याचा विचारही नियमांत आला. म्हणजे इंजिन बदलणे हे पाप आहे, अशी खुद्द सरकारचीही भूमिका नाही. हे खाते २०१४ पासून विदर्भातील मंत्र्यांकडे, नितीन गडकरी यांच्याकडे आले, आणि जुन्या गाड्यांविषयीचे वर उल्लेखिलेले सर्व निर्णय त्यांच्याच कारकिर्दीतील आहेत. नागपूरहून अमरावतीकडे येणाऱ्या रस्त्याच्या कडेची गॅरेजे त्यांना कोणी नव्याने दाखवावीत असे नाही.

तोपर्यंत जे लोक आपली जुनी गाडी मिस्त्रीच्या स्वाधीन करणार आहेत, त्यांनी निदान एक प्रश्न विचारावा. नवे इंजिन किती अश्वशक्तीचे, हा प्रश्न सगळेच विचारतात. ब्रेक कोणते बसविणार, आणि गाडी घाटात नेऊन तपासणार की नाही, हे विचारणारे ग्राहक थोडे असतात. मूर्तिजापूरच्या यार्डात १९९४ साली नवे इंजिन जोडले जात असताना, पुढच्या पुलाची अवस्था काय आहे, हे कोणी विचारले होते?